'द फ्लॅश' अर्धवट सोडू का? सुपरहिरो मालिका नेमक्या कुठे घसरतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 'द फ्लॅश'चा पहिला सीझन तुम्ही झपाटल्यासारखा पाहिलात, तिसऱ्यात रस ओसरला आणि आता चौथ्याच्या मध्यावर एकेक भाग नेटाने ढकलताय. 'डेअरडेव्हिल'चे तिन्ही सीझन मात्र आवडीने संपवलेत. ऑफिसातले मित्र म्हणतात की सुपरहिरो हा पोरखेळ आहे, खरी मालिका बघायची तर 'ब्रेकिंग बॅड' बघ. ती लावलीत, तर दोन भागांत कंटाळलात. म्हणून तुम्ही विचारताय की आपली आवडच कच्ची आहे का, 'फ्लॅश' सोडावी का आणि पुढे काय बघावं. शिवाय घरात अकरा वर्षांचा मुलगा आहे आणि त्यालाही शेजारी बसून बघायचं असतं.

मी मराठी वाहिन्यांवरच्या रोजच्या मालिकांच्या पटकथा लिहिते. आठवड्याला सहा भाग द्यायची सवय लागली की दुसऱ्याची मालिका बघतानाही लक्ष बांधणीकडेच जातं. हा प्रसंग इथे का आला, या पात्राला अजून का ठेवलंय, हा ट्रॅक लांबवलाय का, असे प्रश्न पडत राहतात. खालचं उत्तर त्याच नजरेतून आहे. आणि स्पॉइलरबद्दल आधीच सांगते. 'फ्लॅश'चे तुम्ही पाहिलेले सीझन, 'डेअरडेव्हिल' आणि काही जुन्या मालिका यांतल्या घटना मी उघड लिहिणार आहे. 'ब्रेकिंग बॅड' तुमची राहिली आहे, म्हणून तिच्यातलं मोघमच सांगेन.

सुपरहिरो की ड्रामा, असा प्रश्न मांडला की गाडी तिथेच अडते. तुमच्याच आवडीनिवडीकडे नीट बघा. वेगाने धावणारी, मुखवटा घालून मारामारी करणारी माणसं तुम्हाला नकोशी झाली असती, तर 'डेअरडेव्हिल'चे 39 भाग संपलेच नसते. तुम्हाला खुपतंय ते हे, की काल जे घडलं त्याचा आज कोणाच्या चेहऱ्यावर मागमूस नसतो. मालिका आपलीच गोष्ट विसरायला लागली की प्रेक्षकाला नेमकं काय बिनसलं ते सांगता येत नाही, पण त्याचा हात फोनकडे जायला लागतो. माझ्या मते चांगली मालिका आणि घसरलेली मालिका यांच्यातली खरी रेघ इथे आहे, आणि ती दोन्ही प्रकारांच्या मधून जाते.

'फ्लॅश'वरूनच दाखवते. पहिल्या सीझनचा शेवट आठवा, मे 2015 मधला. बॅरी, म्हणजे अफाट वेगाने धावणारा फ्लॅश, आईच्या खुनाच्या रात्रीपर्यंत काळात मागे पोहोचतो. तिला वाचवण्याची ताकद त्याच्या पायांत आहे. पण तिथे हजर असलेला त्याचाच भविष्यातला अवतार हाताने खूण करून त्याला थांबवतो. बॅरी दाराआड उभा राहतो, खून होऊ देतो, आणि मग आत जाऊन शेवटच्या क्षणी आईला धीर देतो की मी ठीक आहे, बाबाही ठीक आहेत. 23 भाग ज्या एका इच्छेवर उभे राहिले, ती इच्छा हातातोंडाशी आलेली असताना त्याने सोडून दिली. हा प्रसंग मी कोणत्याही नावाजलेल्या ड्रामाच्या शेजारी ठेवायला तयार आहे. त्याच सीझनमधला टॉम कॅव्हॅनाचा हॅरिसन वेल्सही तसाच. बॅरीला घडवणारा गुरू आणि त्याच्या आईचा मारेकरी एकाच देहात. त्यामुळे वेल्सने बॅरीला दिलेली प्रत्येक शाबासकी आपल्याला टोचत राहते.

आता दुसऱ्या सीझनचा शेवट घ्या. बॅरीच्या वडिलांनाही झूम हा खलनायक मारतो, बॅरी कोसळतो, मागे जातो आणि या वेळी आईला वाचवतो. लेखिका म्हणून माझी याला हरकत नाही. दुःखात माणूस आधीचा शहाणपणा मोडीत काढतोच. मात्र एवढा मोठा निर्णय घेतला की त्याची तेवढीच मोठी किंमत वसूल करावी लागते. ऑक्टोबर 2016 मध्ये तिसरा सीझन सुरू झाला आणि ते बदललेलं जग पहिल्याच भागात आवरून टाकलं गेलं. बॅरी ज्याच्यापासून आईला वाचवून आला होता, त्याच थॉनला तो तिला मारायला सांगतो आणि आपण परत जवळपास जुन्या जगात येतो.

हे 'जवळपास'च खरं तर सोनं होतं. परतलेल्या जगात बॅरीचा मित्र सिस्को याचा भाऊ मेलेला आहे. आणि त्याच विश्वातल्या 'ॲरो' मालिकेतल्या डिगलला सारा नावाची छोटी मुलगी होती, तिच्या जागी आता जॉन नावाचा मुलगा आहे. म्हणजे एका मित्राच्या हट्टापायी एका बापाची लेक जन्मलीच नाही असं झालं, आणि त्या बापाला ती आठवतही नाही. या एका धाग्यावर अख्खा सीझन उभा राहिला असता. प्रत्यक्षात काय झालं? चार मालिका एकत्र येणाऱ्या मोठ्या भागांत डिगलला ते कळतं, तो हादरतो, तेवढ्यात परग्रहवासी हल्ला करतात. सिस्कोचा रागही त्याच भागांमध्ये निवळतो. तुमचा रस तिसऱ्या सीझनमध्ये ओसरला म्हणता, तो बहुधा इथेच ओसरला. मालिकेने दाखवून दिलं की इथे काहीही पुसता येतं आणि पुसलेल्याचं कोणालाच फार वाटत नाही. मग बॅरीची प्रेयसी आयरिस मरणार म्हणून सीझनभर घाबरवलं, तरी पोटात गोळा येत नाही.

असं का होतं हे बाहेरून आळसासारखं दिसतं, पण आत बसलेल्यांना त्याची कारणं ठाऊक असतात. 'फ्लॅश' द सीडब्ल्यू या अमेरिकन वाहिनीवर ऑक्टोबर ते मे अशी चालायची. पहिले चार सीझन प्रत्येकी 23 भागांचे, आणि जाहिराती वगळून एकेक भाग साधारण 42 मिनिटांचा. पुढचे भाग लिहिले जात असताना आधीचे प्रसारित होत असतात. आमच्याकडे याहून जास्त ओढाताण असते. हातात आठ-दहा भागांची बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, असली तरी आम्ही स्वतःला सुखी समजतो. अशा वेळी न बदलणारं पात्र फार सोयीचं पडतं, कारण ते कोणत्याही भागात उचलून ठेवता येतं. पात्राचा हात तुटला, तर पुढच्या प्रत्येक भागात तो तुटलेलाच दाखवावा लागतो, आणि पुढचा भाग कदाचित दुसराच लेखक लिहीत असतो. टिकणारा प्रत्येक परिणाम पुढच्या लेखकाचे हात बांधतो. म्हणून दमलेली टीम परिणाम टाळायला लागते.

दुसरं कारण लोकप्रियतेचं. 'ॲरो'मध्ये एप्रिल 2016 मध्ये लॉरेल मरते, पण नंतर तीच अभिनेत्री दुसऱ्या पृथ्वीवरची लॉरेल म्हणून मालिकेत असते. तिची बहीण सारा तर मेल्यावर लाझरस पिट या मेलेल्यांना उठवणाऱ्या कुंडातून जिवंत होऊन पुढे आणखी एका मालिकेची नायिका होते. 'हीरोज'ने 2006 साली पहिल्या सीझनला जगभर धमाल उडवली, पण सायलर हा खलनायक एवढा गाजला की त्याला सोडवेना. मग तो कधी सुधारतो, कधी बिघडतो, असं फिरवत राहिले. मराठी प्रेक्षकांना हे ओळखीचं वाटेल. आमच्याकडे मल्टिव्हर्स, म्हणजे अनेक समांतर जगं, नसतं, पण हुबेहूब दिसणारी बाई असते, अपघातात गेलेली स्मृती असते आणि लीप असतो. लीप घेतला की मधली काही वर्षं उडतात आणि न सुटलेली भांडणंही त्यांच्याबरोबर उडून जातात. ज्या पात्राचं जाणं पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं, त्याच्या ट्रॅकला चांगले आकडे आले की वाहिनीकडून निरोप येतो, 'अजून महिनाभर ठेवा.' तो महिना पुढे कसा वाढतो हे मी जवळून पाहिलं आहे. त्यामुळे मी त्या लेखकांना नावं ठेवत नाही. पण प्रेक्षक म्हणून तुम्ही त्याची भरपाई करत बसायची गरज नाही.

मग दोष सुपरहिरो या प्रकाराचा की 23 भागांचा? एकट्याचा कोणाचाच नाही. 'स्मॉलव्हिल' बघा. तीही लांबलचक, दहा सीझनची, 2001 ते 2011 चाललेली, आणि तिच्यात फसलेले भाग भरपूर आहेत. तिचा शंभरावा भाग जानेवारी 2006 मध्ये आला. तरुण सुपरमॅन असलेल्या क्लार्कची प्रेयसी लाना मरते, क्लार्क काळ मागे फिरवून तिला वाचवतो. युक्ती अगदी 'फ्लॅश'चीच. पण तिथे नियम असा, की एक जीव परत हवा तर दुसरा द्यावा लागेल. त्याच दिवशी क्लार्कचे वडील जोनाथन केंट जातात. आणि ते गेले ते गेलेच. पुढे आई मार्था बदलते, क्लार्कचं वागणं बदलतं, घरातली ती एक जागा रिकामी राहते. कालप्रवास तोच, फक्त इथे पावती फाडली गेली.

तसंच 'एजंट्स ऑफ शील्ड'मधला फिट्झ. पहिल्या सीझनच्या शेवटी तो समुद्राच्या तळाशी अडकतो, मेंदूला प्राणवायू कमी पडतो. दुसऱ्या सीझनमध्ये तो बोलताना अडखळतो, नेमका शब्द सापडत नाही, हात साथ देत नाही. जो माणूस टीमचा सगळ्यात हुशार मेंदू होता, त्याला एका साध्या वस्तूचं नाव आठवू नये आणि सगळ्यांनी ते न पाहिल्यासारखं करावं, याहून बोचरा ड्रामा कोणता? ही मालिकाही वाहिनीवरचीच, 22 भागांचीच. तिची सुरुवात ढिली आहे हे मान्य, पण एप्रिल 2014 मध्ये शील्डमध्येच लपलेल्या हायड्रा या शत्रू संघटनेचं प्रकरण बाहेर येतं आणि आपलाच एक माणूस फितूर निघतो, तिथून तिने मागे वळून पाहिलं नाही.

आता 'डेअरडेव्हिल' तुम्हाला का धरून ठेवू शकली, ते पाहू. सगळे पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागातल्या कॉरिडॉरमधल्या मारामारीचं कौतुक करतात, ती एका सलग दृश्यासारखी घेतली आहे म्हणून. मला तिच्यातली वेगळीच गोष्ट आवडते. नायक मॅट आधीच्या मारामुळे अर्धमेला आहे. तो दोन माणसं लोळवतो आणि भिंतीला टेकून श्वास घेतो. पडलेली माणसं पुन्हा उठतात, कारण एका ठोशात कोणी कायमचं पडत नसतं. तीही दमलेली असतात. म्हणजे दोन मिनिटांपूर्वीचा मार शरीराला आठवतोय. नर्स असलेल्या क्लेअरने शिवलेल्या जखमा पुढच्या भागातही जखमाच असतात.

हीच गोष्ट मोठ्या पटावर मॅटच्या ऑफिसातल्या केरनच्या बाबतीत. पहिल्या सीझनच्या अकराव्या भागात ती खलनायक फिस्कचा उजवा हात असलेल्या वेस्लीला त्याच्याच पिस्तुलाने गोळ्या घालते आणि कोणालाही सांगत नाही. साधी मालिका असती तर दोन भाग रडून ते प्रकरण मिटलं असतं. इथे ते तिच्या दारूत, तिच्या बेफिकीर धाडसात, गुन्हेगारांना ठार मारत फिरणाऱ्या पनिशरबद्दल तिला वाटणाऱ्या आपुलकीत मुरत जातं. 2018 च्या तिसऱ्या सीझनमध्ये ती स्वतः फिस्कच्या समोर उभी राहून ते त्याच्या तोंडावर सांगते. त्यातून फिस्क चवताळतो, तिच्या मागावर माणूस जातो, आणि चर्चमध्ये तिला वाचवताना फादर लँटम मरतात. हे तेच फादर, ज्यांच्यापुढे मॅट पहिल्याच भागात कबुली द्यायला बसलेला असतो. 2015 मधल्या एका गोळीची किंमत तीन वर्षांनी एक तिसराच माणूस चुकवतो. अशी बांधणी बघितली की मी लिहायचं काम बाजूला ठेवून नुसती प्रेक्षक होते.

अर्थात तिच्यातही शिथिल पट्टे आहेत. दुसरा सीझन अर्धा पनिशरचा आणि अर्धा 'हँड' नावाच्या निंजा टोळीचा आहे, आणि पहिला अर्धा जितका घट्ट, तितका दुसरा पसरट. नेटफ्लिक्सच्या त्या जवळपास सगळ्या मार्व्हल मालिकांना तेरा भागांचा साचा होता आणि गोष्ट बहुतेकदा नऊ-दहा भागांची असायची. 'ल्यूक केज'च्या पहिल्या सीझनमध्ये माहेरशाला अलीचा कॉटनमाउथ सातव्या भागात मारला जातो, आणि त्यानंतर आलेल्या खलनायकात ती खोली नाही. उलट अलीकडच्या सहा भागांच्या मालिका शेवटी इतकी घाई करतात की परिणाम दाखवायला वेळच उरत नाही. भागांची संख्या कमी म्हणजे दर्जा चांगला, असं समीकरण मांडू नका. गोष्टीला किती जागा हवी आणि तिला किती मिळाली, यावर ते ठरतं.

'ब्रेकिंग बॅड'चं म्हणाल, तर ती तुम्ही समजताय त्याहून तुमच्या आवडीच्या जास्त जवळची आहे. तिची बांधणीच दुहेरी आयुष्याची आहे. दिवसा एक साधा शिक्षक, बाहेर दुसरं नाव, दुसरी टोपी, घरी रोज नवं खोटं आणि कायदा राखणारा साडू त्याच जेवणाच्या टेबलावर. गुप्त ओळख हा सुपरहिरोंचा सगळ्यात जुना मसाला या मालिकेचा जनक विन्स गिलिगन याने खलनायकाकडे जाणाऱ्या माणसाच्या गोष्टीत वापरला. आणि 'फ्लॅश'ला जे जमलं नाही ते तिथे जमतं. 'फ्लॅश'मध्ये लवकरच जवळच्या सगळ्यांना बॅरीचं गुपित माहीत होतं. मग खोटं बोलायची गरज उरत नाही आणि तो ताण संपतो. त्याच्या जागी काहीतरी ठेवायला हवं होतं, तर ठेवली प्रयोगशाळेत स्क्रीनसमोर उभी राहून हेडफोनवर सूचना देणारी टीम. 'ॲरो'नेही बंकरमध्ये तेच केलं. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये गुपित एकेका माणसाला कळत जातं आणि प्रत्येक वेळी एक नातं कायमचं बदलतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो शिक्षक, वॉल्टर, एका ठिकाणी नुसता उभा राहतो, काही करत नाही. ते 'न करणं' मालिका पाचव्या सीझनपर्यंत जपून ठेवते. 2009 मधल्या त्या रात्रीचा हिशेब 2013 मध्ये होतो. यापेक्षा जास्त सांगत नाही.

म्हणून तुम्ही थांबलात तिथून फक्त तिसरा भाग बघा. वॉल्टर कागदावर दोन रकाने काढून एका निर्णयाची कारणं लिहितो आणि सगळं एका फुटलेल्या बशीवर येऊन थांबतं. पाचव्या भागात उपचारांचा खर्च उचलायला कोणीतरी तयार होतं, तिथे त्याचं उत्तर ऐका. तोवर वाटतं की बिचारा नाइलाजाने या मार्गाला लागलाय. लेखकांच्या संपामुळे तो सीझन सातच भागांचा झाला, तेव्हा फार वेळ जाणार नाही. त्यानंतरही नाहीच रुचली तर सोडून द्या, आणि मित्रांना तसं स्पष्ट सांगा. एखादी मालिका उत्तम असूनही एखाद्याच्या त्या वेळच्या आयुष्यात न बसणं अगदी शक्य आहे.

इथे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी बसल्या जागी ठरवू शकत नाही. पहिली, तुम्ही कसं बघता. 'फ्लॅश' आठवड्याला एक भाग या हिशेबाने लिहिलेली आहे. आठवडाभराने भेटणाऱ्या प्रेक्षकाला आठवण करून द्यावी लागते, म्हणून तोच संवाद, तीच समजूत, तेच 'धाव, बॅरी, धाव' पुन्हा येतं. रोज दोन-तीन भाग सलग पाहिले की ती उजळणी कानात वाजायला लागते. तुम्ही रोज बघत असाल तर तुमच्या कंटाळ्याचा थोडा भाग या बघण्याच्या पद्धतीचा आहे.

दुसरी गोष्ट, तुम्हाला त्या वेळी काय हवं असतं. दिवसभर काम करून घरी आल्यावर तीच माणसं, तीच खोली, शेवटी सगळं ठीक, हे हवं असणं पूर्ण रास्त आहे. माझ्या मालिकांचे कितीतरी प्रेक्षक याचसाठी सात वाजता टीव्ही लावतात आणि मी त्यांच्यासाठी मनापासून लिहिते. काही मालिका तर हा करार सुरुवातीलाच करतात. 1966 ची 'बॅटमॅन' मालिका अमेरिकेत पहिले दोन सीझन आठवड्यातून दोनदा यायची, पहिल्या दिवशी नायक सापळ्यात अडकायचा, दुसऱ्या दिवशी सुटायचा, आणि पुढच्या आठवड्यात सगळं नव्याने. एकूण 120 भागांत कोणी मागचा हिशेब मागितला नाही. आपल्या पिढीने दूरदर्शनवर 1997 पासून 'शक्तिमान' पाहिली, तिच्याकडूनही आपण गंगाधरच्या मनावरचे व्रण मागत नव्हतो. तिथे विसरणं हा खेळाचाच नियम होता. फसवणूक तेव्हा वाटते, जेव्हा मालिका आपल्याला एखाद्या मृत्यूवर रडायला लावते आणि पुढच्या महिन्यात ते रडणं बिनकामाचं ठरवते. 'फ्लॅश'ने पहिल्या सीझनमध्ये पहिल्या प्रकारची करमणूक आणि दुसऱ्या प्रकारची खोली दोन्ही कबूल केलं, म्हणून तुमची निराशा मोठी आहे.

सोडायचं कधी, याची माझी पद्धत साधी आहे. नवी मालिका लावली की भाग संपल्यावर मी तीन गोष्टी मनाशी म्हणून बघते: या भागात कोणाला नवं काय कळलं, कोणाचं काय गेलं, आणि आता कोणता मार्ग कायमचा बंद झाला. सलग तीन-चार भाग तिन्हींचं उत्तर 'काही नाही' आलं तर ती मालिका जागेवर पळतेय. मग मी तो सीझन वगळून पुढच्याचा पहिला भाग बघते. तिथेही काही हललेलं नसेल तर राम राम. 'आता एवढं पाहिलंय तर संपवूच' हा विचार मी करत नाही. पाहिलेले भाग पाहून झाले, त्यांनी जो आनंद दिला तो दिलाच.

या हिशेबाने तुमचं 'फ्लॅश'चं उत्तर: सोडा. तिचे एकूण नऊ सीझन आणि 184 भाग आहेत. तुम्ही अजून निम्म्यावरही नाही, आणि तुम्हाला ज्याची भूक आहे ते पुढे क्वचित मिळेल. चौथ्या सीझनने वेगवान खलनायकाऐवजी बुद्धिमान खलनायक आणला हे चांगलं केलं, पण बॅरीला काही गमवावं लागेल अशी भीती तो परत आणू शकला नाही, असं माझं मत आहे.

पुढे काय, तर आधी 'जेसिका जोन्स'चा फक्त पहिला सीझन. नोव्हेंबर 2015 चा, तेरा भाग. किलग्रेव्ह नुसतं बोलून माणसाकडून काहीही करवून घेतो, आणि जेसिका त्याच्या तावडीतून सुटून आलेली आहे. घाबरली की ती लहानपणच्या घराजवळच्या रस्त्यांची नावं पुटपुटते. ताकदवान बाई, पण झालेलं विसरू न शकणारी. दुष्टाला पकडण्याइतकंच 'माझ्याकडून हे करवून घेतलं गेलं' हे लोकांना पटवणं तिथे अवघड आहे.

त्यानंतर एचबीओची 2019 ची 'वॉचमेन', नऊ भाग. तिची सुरुवातच 1921 मध्ये टल्सा शहरात कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर झालेल्या हल्ल्याने होते. ही खरी घटना आहे, आणि कितीतरी अमेरिकन प्रेक्षकांना ती या मालिकेमुळे पहिल्यांदा कळली. आजोबांच्या आठवणी नातीच्या शरीरातून जगल्या जातात असा एक भाग तिच्यात आहे, सहावा. तो बघायला रात्रीची शांत वेळ काढा. डेमन लिंडेलॉफने नऊ भागांत गोष्ट संपली म्हणून पुढचा सीझन लिहिला नाही. ज्या लेखकाला आपला शेवट माहीत असतो, त्याच्या मालिकेत मधले भागही आपापलं वजन घेऊन येतात. त्याच्याच 'लॉस्ट'चं उदाहरण आहे. 2007 मध्ये वाहिनीने शेवट 2010 ला होईल असं आधीच जाहीर केलं, आणि भरकटत चाललेल्या त्या मालिकेला त्यानंतर पुन्हा वेग आला.

'द पेंग्विन' ही 2024 ची आठ भागांची मालिका तुम्हाला बहुतेक एका आठवड्यात संपवावीशी वाटेल. बॅटमॅनच्या गोथममध्ये घडते, पण तिच्यात मुखवटा नाही, उडणं नाही, आहे ती गुन्हेगारी घराण्यांची गादीसाठीची लढाई. कॉलिन फॅरेल ओळखू येत नाही, आणि क्रिस्टिन मिलिओटीने सोफिया फाल्कोनेच्या भूमिकेत चौथ्या भागात जे केलंय ते अभिनय शिकणाऱ्या मुलांना दाखवावं असं आहे. ही मालिका आवडली तर 'ब्रेकिंग बॅड'कडे जाणारा रस्ता तुमच्यासाठी आपोआप मोकळा होईल, कारण दोन्हींत एक माणूस कुटुंबाचं नाव पुढे करून स्वतःची भूक भागवत असतो. 'द बॉइज' त्याच्या नंतर ठेवा. अँटनी स्टारचा होमलँडर हा दुष्ट सुपरहिरो भयंकर प्रभावी आहे, पण मालिका त्याच्याविना चालूच शकत नाही, म्हणून चौथ्या सीझनपर्यंत त्याला हरवता येत नाही आणि तीच झुंज पुन्हा पुन्हा मांडली जाते.

आता मुलाचं. वर सांगितलेल्यांपैकी 'डेअरडेव्हिल', 'जेसिका जोन्स', 'वॉचमेन', 'पेंग्विन', 'बॉइज' या त्याच्याबरोबर बघायच्या नाहीत, मग तो कितीही मागे लागो. त्याच्यासाठी 'फ्लॅश'चा पहिला सीझन आठवड्याला दोन भाग या वेगाने पुन्हा लावा. शेवटचा भाग झाला की थांबा, आणि बॅरीने आईला का वाचवलं नसेल हे त्यालाच विचारा. मुलं यावर फार नेमकं बोलतात. त्यानंतर 2022 ची 'मिस मार्व्हल', सहाच भाग. जर्सी सिटीतली कमला खान ही पाकिस्तानी घरातली मुलगी, तिचे आईवडील, मशीद, लग्नातला नाच, हे सगळं अमेरिकन मालिकेत असूनही आपल्या घरच्यासारखं वाटतं. पाचव्या भागाच्या आधी 1947 च्या फाळणीबद्दल त्याला सोप्या शब्दांत सांगून ठेवा. त्या भागात कराचीला जाणाऱ्या शेवटच्या गाडीवर गर्दीत एक मुलगी आईवडिलांपासून चुकते, आणि मागचा संदर्भ माहीत नसेल तर त्याला ती नुसती जादूची गोष्ट वाटेल.